तिसऱ्या दिवशी जड होणारी फायरवॉल: सांगलीच्या पेढीतून पीएफसेन्सचे परीक्षण

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळद आणि बेदाण्याच्या अडत पेढीचे संगणक मी सांभाळतो. पेढीत नऊ संगणक, तीन प्रिंटर आणि शेजारच्या गोदामातले सोळा कॅमेरे आहेत. तासगावच्या शाखेतले दोन कारकून दिवसभर इथल्या टॅलीवर काम करतात. ही सगळी यंत्रणा आणि इंटरनेट यांच्या मध्ये गेली तीन वर्षे पीएफसेन्स ही फायरवॉल उभी आहे. तिच्याविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते; परंतु यंदा ऐन हंगामात तिने असा काही त्रास दिला, की त्याचा छडा लागेपर्यंत बरे किंवा वाईट काहीच लिहू नये असे मी ठरवले. छडा लागला, दुरुस्ती झाली, दुरुस्तीनंतरचे चार महिनेही सुरळीत गेले, म्हणून आता लिहीत आहे.

ज्यांना पीएफसेन्स ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभारलेली फायरवॉल असून २००४ मध्ये मोनोवॉल या प्रकल्पातून तिचा फाटा फुटला आणि २००६ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली. येणारे-जाणारे प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, तपासणारा तिचा गाभा म्हणजे पीएफ हा पॅकेट फिल्टर, जो मुळात २००१ मध्ये ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिला गेला. कम्युनिटी आवृत्ती विनामूल्य आहे आणि आम्ही तीच वापरतो. सुरुवातीला ती १ जीबी मेमरीच्या एका जुन्या संगणकावर होती. दीड वर्षापूर्वी चार नेटवर्क पोर्टांची, ४ जीबी मेमरीची छोटी पेटी घेतली, जुन्या यंत्रावरून सेटिंगची फाइल उतरवून नव्यावर चढवली, आणि दहा मिनिटांत पेढीचे काम पूर्ववत सुरू झाले. त्या दिवशी मला या सोयीचे फार कौतुक वाटले होते. ते कौतुक आजही आहे, पण पुढे जे घडले त्याचा अर्धा धागा त्याच फाइलमध्ये होता.

त्रासाचे स्वरूप असे होते. सोमवारी सकाळी फायरवॉल बंद करून चालू केली की मंगळवारी दुपारपर्यंत सारे झकास चाले. मंगळवारी संध्याकाळी पाने उघडायला वेळ लागू लागे, आणि बुधवारी सकाळी पेढी उघडल्या उघडल्या जीएसटीचे संकेतस्थळ, बँकेचे पान, ई-वे बिल यांपैकी काहीही एका झटक्यात उघडत नसे. एखादे पान पंधरा-वीस सेकंद कोरे राही आणि मग एकदम सगळे येई. तासगावचे कारकून कामातून बाहेर फेकले जात आणि पुन्हा आत यायला त्यांना चार-चार प्रयत्न करावे लागत. परत बंद-चालू केली की पुढचे दोन दिवस पुन्हा सुरळीत.

हा त्रास ज्या दिवसांत होत होता ते दिवस लक्षात घ्यावेत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तिची मोठी आवक फेब्रुवारीपासून मेपर्यंत असते. सौदा झाला, वजन झाले, की शेतकरी पट्टीसाठी पेढीत येऊन बसतो. जतहून पहाटे निघालेल्या माणसाला, पैसे खात्यावर पाठवायचे पान उघडत नाही म्हणून दुपारी तीनपर्यंत बाकड्यावर बसवून ठेवणे हे मला फार लागले. दिवाणजींनी तर बुधवारची सवयच लावून घेतली होती. फोन करून ते म्हणायचे, "दादा, बसली बघा परत तुमची पेटी. बटण दाबू का?" आणि मी "दाबा" म्हणायचो. जवळजवळ दोन महिने दर तिसऱ्या दिवशी मी "दाबा" म्हणत होतो, आणि दर वेळी जे पाहायला हवे होते ते त्या बटणाबरोबर पुसले जात होते.

पहिला संशय उष्णतेवर गेला आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. २०१९ च्या महापुरानंतर आम्ही खबरदारी म्हणून सगळी यंत्रे पोटमाळ्यावर हलवली आहेत, आणि एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या त्या पोटमाळ्यावर दुपारी हात ठेववत नाही. शिवाय पेढीत हळदीची भुकटी हवेतच असते. पेटी उघडली तेव्हा पंख्याची जाळी पिवळीधमक झाली होती, पात्यांवर हळदीचा असा थर होता की नख ओढले तर रेघ उमटत होती. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने सगळे साफ केले, पेटीच्या मागे हवा खेळायला जागा ठेवली. तापमान बारा अंशांनी उतरले, आणि बुधवारी सकाळी पेढी पुन्हा तशीच अडखळली. यंत्र तापल्यामुळे मंदावत असेल तर ते दुपारी मंदावेल आणि रात्री सावरेल. आमचे यंत्र रात्रीच्या गारव्यानंतर सकाळी नऊला सर्वांत वाईट अवस्थेत असे. हे मी आधीच लक्षात घ्यायला हवे होते.

दुसरा संशय इंटरनेटच्या लाइनवर. इंटरनेट पुरवठादाराच्या माणसाने येऊन वेगाची चाचणी घेतली. ती सुरू व्हायला थोडा वेळ लागला, पण आकडा पूर्ण १०० एमबीपीएसचा आला. मी स्वतः एका संगणकावर सकाळपासून पिंग, म्हणजे बाहेर हाक देऊन उत्तराला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी, लावून ठेवला होता, तोही अखंड १२-१३ मिलिसेकंदांत परत येत होता. दोन्ही निकाल खरे होते आणि दोन्ही निकालांनी मला चुकवले. ते का, हे पुढे येईल. पेटीच्या विक्रेत्याने मोठ्या मेमरीची नवी पेटी घ्यायला सुचवले. परंतु पीएफसेन्सच्या डॅशबोर्डवर, म्हणजे यंत्राची स्थिती दाखवणाऱ्या पहिल्या पानावर, प्रोसेसर सात-आठ टक्क्यांच्या वर जात नव्हता आणि मेमरी निम्मीही भरत नव्हती, त्यामुळे नवी पेटी घेऊन नेमके काय सुधारेल, हे मला पटेना आणि मी ते टाळले.

धागा सापडला तो मेच्या पहिल्या आठवड्यातल्या एका बुधवारी. त्या दिवशी मी बटण दाबू दिले नाही. मॉनिटर आणि कीबोर्ड घेऊन शिडीने पोटमाळ्यावर गेलो आणि थेट पेटीला जोडला. खाली संगणकावरून पीएफसेन्सचे पान उघडायला वीस सेकंद लागत होते. वर, त्याच क्षणी, काळ्या पडद्यावरचा मेनू अक्षरशः कळ दाबताच प्रतिसाद देत होता. म्हणजे पेटी मंद झालेलीच नव्हती, तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट अडली होती. मेनूत ५ क्रमांकावर रीबूट आहे आणि ८ क्रमांकावर शेल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची जागा. मी ८ निवडला आणि पीएफसीटीएल या आज्ञेने फिल्टरची स्थिती मागवली. चालू नोंदींचा आकडा एक लाखाला टेकलेला होता. त्याच आज्ञेने मर्यादा मागवली, तर स्टेट नोंदींची कमाल मर्यादाही नेमकी १,००,००० होती.

इथे स्टेट टेबल म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण सारा प्रकार त्याच्याभोवती आहे. यार्डाच्या फाटकावर आवक-जावक नोंदवही असते. गाडी आत आली की एक ओळ, बाहेर गेली की त्या ओळीवर काट. फायरवॉल प्रत्येक जोडणीची अशीच नोंद मेमरीत ठेवते, म्हणजे परत येणारे उत्तर कोणत्या संगणकाने मागितले होते ते तिला समजते. वही भरली की फाटकावरचा माणूस नव्या गाडीला आत घेत नाही, पण ज्यांची ओळ आधीच आहे त्यांना तो अडवत नाही. पीएफचेही तसेच आहे. टेबल भरले की नव्या जोडणीचे पहिले पॅकेट निमूट टाकून दिले जाते. संगणकाला नकार कळत नाही, त्यामुळे तो एक सेकंद थांबून पुन्हा पाठवतो, मग दोन सेकंदांनी, मग चार सेकंदांनी. दरम्यान एखादी जुनी नोंद मुदत संपून गळाली तर त्याला जागा मिळते. एका पानासाठी अशा पंधरा-वीस जोडण्या लागतात, आणि प्रत्येकीला हे थांबे घ्यावे लागले की माणसाला ते "नेट स्लो" वाटते. सकाळपासून लावलेला पिंग अखंड चालला तो याचमुळे, त्याची ओळ वहीत आधीपासून होती. वेगाच्या चाचणीलाही एकदा आत शिरायला मिळाले की पुढे रस्ता मोकळाच होता. कारकुनांच्या मोबाईलवर व्हॉट्सॲप व्यवस्थित चालते आणि नवे पान मात्र उघडत नाही, हे मी कित्येकदा पाहिले होते आणि त्याचा अर्थ लावला नव्हता.

पीएफसेन्समध्ये स्टेट्स समरी नावाचे पान आहे, ज्यात कोणत्या पत्त्याच्या किती नोंदी आहेत ते दिसते. ते उघडले आणि पडद्यावर गोदामातल्या कॅमेऱ्यांचे सोळा पत्ते एकाखाली एक आले, प्रत्येकापुढे सहा हजारांच्या आसपास आकडा. पेढीतले नऊ संगणक मिळून तीन हजारही नव्हते. हे कॅमेरे फेब्रुवारीच्या अखेरीस बसले होते, रेकॉर्डिंग उत्तम करत होते, आणि म्हणूनच त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. मोबाईलवरून पाहता यावे म्हणून त्यांच्यात जी सोय चालू केली होती, तिच्यासाठी प्रत्येक कॅमेरा दर चाळीस सेकंदांनी बाहेरच्या एका सर्व्हरशी जोडणी उघडत होता, आणि ती बंद न करताच सोडून देऊन पुढची उघडत होता. गाडी आत येते, पण बाहेर गेल्याची काट कधीच पडत नाही, असा हा प्रकार.

आता हिशेब मांडतो, कारण हिशेब जुळला तेव्हाच माझी खात्री पटली. चाळीस सेकंदांना एक म्हणजे एका कॅमेऱ्याच्या दिवसाला २,१६० जोडण्या, सोळांच्या ३४,५६०. पीएफसेन्समध्ये आतून बाहेर जाणाऱ्या जोडणीच्या सामान्यतः दोन नोंदी होतात, एक आतल्या पोर्टवर आणि एक बाहेरच्या. म्हणजे दिवसाला ६९,१२० नोंदी. एक लाखाची वही या गतीने सुमारे पस्तीस तासांत भरते. सोमवारी सकाळी नऊला बंद-चालू केली, तर मंगळवारी रात्री आठच्या सुमारास.

परंतु सोडून दिलेल्या जोडण्यांची नोंद इतका काळ राहते कशी? याचे उत्तर त्याच आज्ञेच्या दुसऱ्या रूपाने दिले, जी प्रत्येक प्रकारच्या नोंदीची मुदत दाखवते. प्रस्थापित टीसीपी जोडणीपुढे (संकेतस्थळे वगैरे बहुतेक कामे याच प्रकारच्या जोडणीवर चालतात) ४,३२,००० सेकंद असे होते. म्हणजे पाच दिवस. मूळची मुदत ८६,४०० सेकंद, म्हणजे चोवीस तास असते. आमच्याकडे ती पाच दिवस झाली होती, कारण ॲडव्हान्स्ड सेटिंगमधल्या फायरवॉल ऑप्टिमायझेशन या रकान्यात नॉर्मलऐवजी कॉन्झर्व्हेटिव्ह निवडलेले होते. या नावाविषयी माझी खरी तक्रार आहे. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हटले की आपल्याला जपून, हात राखून वागणारा पर्याय वाटतो. प्रत्यक्षात निष्क्रिय जोडणी तुटू नये म्हणून नोंदी अधिकाधिक काळ धरून ठेवणारा, म्हणजे मेमरीच्या बाबतीत सर्वांत सढळ हाताचा तो पर्याय आहे. रकान्याखाली बारीक अक्षरात ते लिहिलेले आहे, पण नाव वाचून निवडणारा माणूस तिथपर्यंत जात नाही.

पीएफने अशा प्रसंगासाठी एक झडप ठेवली आहे आणि ती आमच्याकडेही चालू होती. टेबल ६० टक्के भरले की सगळ्या मुदती हळूहळू आखडू लागतात, आणि टेबल पूर्ण भरेपर्यंत त्या एक-तृतीयांशावर येतात. तासगावच्या जोडण्यांवर आधी ताण आला तो या आखडण्यामुळे असेल असे मला प्रथम वाटले, पण पाच दिवसांचा एक-तृतीयांश म्हणजेही चाळीस तास होतात. नॉर्मल मुदत असती तर हीच झडप पुरेशी ठरली असती. पाच दिवसांच्या मुदतीमुळे ती आखडूनही चाळीस तासांवर राहिली आणि वही मात्र पस्तिसाव्या तासाला भरत होती. तासगावकर बाहेर पडत होते ते साधेच कारण होते: त्यांचे रिमोट सत्र एकदा तुटले की नव्या जोडणीला जागा नव्हती.

हे दोन्ही आकडे, पाच दिवसांचा आणि एक लाखाचा, आले कुठून? त्या जुन्या १ जीबीच्या संगणकावरून. एक नोंद सुमारे १ केबी मेमरी घेते आणि पीएफसेन्स साधारण एक-दशांश मेमरी टेबलसाठी राखते, त्यामुळे त्या यंत्राला एक लाख ही मर्यादा बरोबरच होती. कोणीतरी ती रकान्यात हाताने टाइप करून ठेवली होती. रकाना कोरा सोडला असता तर नव्या पेटीने तिच्या मेमरीप्रमाणे चार लाखांच्या आसपास मर्यादा आपोआप घेतली असती. हाताने लिहिलेला आकडा मात्र सेटिंगच्या फाइलबरोबर जसाच्या तसा आला. आणि कॉन्झर्व्हेटिव्हचे कारण पेढीतल्या जुन्या नोंदींत सापडले: जेवणाच्या सुट्टीनंतर तासगावचे सत्र तुटते, अशी तक्रार होती, त्यावर उपाय म्हणून ते निवडले होते. तो उपाय त्या आजाराचा नव्हताच. नॉर्मलमध्येही प्रस्थापित जोडणीला चोवीस तास मिळतात, तासाभराच्या सुट्टीत ती फायरवॉलमुळे तुटणार नाही. त्याच सुमारास शाखेची लाइनही बदलली होती, खरा गुण तिचा होता आणि श्रेय या सेटिंगला मिळाले.

दुरुस्ती एका दुपारी झाली. पेटीचे चौथे पोर्ट रिकामे होते, त्यावर कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर यांचे वेगळे नेटवर्क केले आणि त्या नेटवर्कला बाहेर जाण्याची मनाई केली. अडवलेल्या पॅकेटची स्टेट नोंद होत नाही, त्यामुळे कॅमेऱ्यांनी कितीही हाका मारल्या तरी वही भरत नाही. दोन गोष्टी मात्र विसरता येत नाहीत. मनाईच्या नियमाला लॉग चालू ठेवला तर त्या हाकांनीच लॉग भरून जातो आणि ज्या नोंदी खरोखर पाहायच्या त्या दिसत नाहीत, म्हणून त्या नियमापुरता लॉग बंद केला. दुसरे म्हणजे, बाहेरचा रस्ता बंद झाला की कॅमेऱ्यांचे घड्याळ चुकू लागते; पीएफसेन्समध्येच वेळ देणारी एनटीपी सेवा आहे, कॅमेऱ्यांना तिच्याकडे वळवले. मग ऑप्टिमायझेशन नॉर्मलवर आणले, मर्यादेचा रकाना कोरा केला आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जुन्या नोंदी एकदाच पुसल्या. पाहुण्यांच्या वायफायच्या नियमात, एका यंत्राला किती नोंदी मिळाव्यात याची मर्यादाही घातली. ही सोय नियमाच्या ॲडव्हान्स्ड पर्यायांत असते आणि ती प्रत्येकाने वापरावी असे माझे मत आहे.

मालकांना एक गोष्ट गमवावी लागली. कॅमेऱ्यांचे ॲप उघडले की घरबसल्या गोदाम दिसायचे, ते बंद झाले. त्याऐवजी त्यांच्या मोबाईलवर, बाहेरून पेढीच्या नेटवर्कशी सुरक्षितपणे जोडून देणारे ओपनव्हीपीएन घालून दिले आहे; आधी ते जोडायचे आणि मग गोदाम पाहायचे, असे एक पाऊल वाढले. त्यांनी ते मनापासून स्वीकारले असे म्हणता येणार नाही, पण गोदामाचे चित्र बाहेरच्या कोणत्याही सर्व्हरवर जात नाही हे सांगितल्यावर त्यांनी हरकत घेतली नाही.

आता उत्पादनाविषयी. मॉनिटरिंगच्या पानावर पीएफसेन्स स्टेट नोंदींचा आलेख ठेवते, आणि टेबल मेमरीत असल्याने बंद-चालू करताना पुसले जात असले तरी हा आलेख डिस्कवर राहतो. छडा लागल्यानंतर मी मागच्या तीन महिन्यांचा आलेख काढला. सरळ चढत जाणारी रेघ, एक लाखावर सपाट, मग एकदम खाली, पुन्हा चढ. करवतीचे दात असावेत तसे, दर तिसऱ्या दिवशी एक. सिस्टिमच्या लॉगमध्येही पीएफ स्टेटची मर्यादा गाठल्याची ओळ दर बुधवारी होती. डॅशबोर्डवर स्टेट टेबल किती टक्के भरले आहे याची पट्टी कायम असते, आणि मर्यादेच्या रकान्याखाली या यंत्राची स्वतःची मूळ मर्यादा किती तेही छापलेले असते. इतक्या ठिकाणी, इतक्या स्पष्टपणे आजार दाखवणारे दुसरे यंत्र माझ्या हाताखालून गेलेले नाही, आणि या एका कारणासाठी मी पीएफसेन्सला पुन्हा निवडेन. बंद डब्यातल्या तयार राउटरवर हाच प्रसंग आला असता तर बटण दाबत राहण्यापलीकडे माझ्या हातात काही उरले नसते.

उणिवाही आहेत. सेटिंगची फाइल दुसऱ्या यंत्रावर चढवताना, हाताने दिलेला आकडा या यंत्राच्या मेमरीशी विसंगत आहे, एवढी सूचना आली असती तर आमचे दोन महिने वाचले असते. मेनूंची मांडणी ज्याला टीसीपी म्हणजे काय ते माहीत आहे त्याच्यासाठी केलेली आहे. दिवाणजींसारख्या जाणत्या, हिशेबात पक्क्या माणसालाही तिथे एकट्याने वावरता येत नाही. ज्या दुकानात किंवा पेढीत आठवड्यातून एकदाही कोणी डॅशबोर्ड उघडणार नाही, तिथे ही फायरवॉल बसवू नये असे मी स्पष्टपणे सांगेन. २०१५ मध्ये पीएफसेन्समधून वेगळी झालेली ओपीएनसेन्स अनेकांना पडद्याच्या मांडणीमुळे अधिक आवडते; तिचा गाभाही पीएफच आहे, म्हणून स्टेट टेबलचे हे गणित तिथेही असेच लागू पडते.

ज्यांची फायरवॉल दिवसागणिक जड होते पण स्टेट टेबलचा आकडा मात्र चढत नाही, त्यांनी डॅशबोर्डवर त्याच ठिकाणी असलेला एमबफचा टक्का पाहावा. नेटवर्क कार्डासाठी राखलेली ही मेमरी मर्यादेला टेकली तरी असाच अनुभव येतो. त्यानंतर स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडल्यावर डिस्कवर घेतलेली उसनी जागा, वापरली जाते आहे का ते पाहावे, विशेषतः जाहिराती आणि धोकादायक पत्ते अडवण्याच्या मोठमोठ्या याद्या किंवा घुसखोरी ओळखणारी सुरिकाटासारखी पॅकेजे २ जीबी मेमरीच्या यंत्रावर घातली असतील तर. आणि डिस्क किती भरली आहे ते, कारण रहदारीचा तपशील साठवणारी पॅकेजे ती हळूहळू खातात. हे सारे रीबूट करण्याआधी, त्रास चालू असतानाच पाहायचे आणि आकडे कागदावर उतरवून घ्यायचे.

आमच्या पेढीत पोटमाळ्याच्या शिडीशेजारी आता एक वही टांगली आहे. दिवाणजी दर सोमवारी आणि बुधवारी सकाळी पेढी उघडली की डॅशबोर्डवरचे तीन आकडे, स्टेट टेबल, एमबफ आणि मेमरी, त्यांच्या वळणदार अक्षरात तारखेसह तिथे लिहितात. दुरुस्तीनंतरच्या चार महिन्यांत स्टेट नोंदी चार हजारांच्या वर गेलेल्या नाहीत, आणि मध्ये एकदा आवृत्ती बदलण्यासाठी मी स्वतः केलेले रीबूट सोडले तर पेटी बंद झालेली नाही.